पोरगं कटिंगच्या खुर्चीत बसत नाही, काय करावं? (ऑटिझम, वय ७)

डबलबेल | २८ मे, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. वर्षभर इथं नुसतं वाचतोय, लिहायला आज पहिल्यांदा बसलोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

मी एसटीत वाहक. कराडजवळचं गाव. मोठी मुलगी अकरा वर्षांची, तिच्या पाठचा सोन्या, सात पूर्ण. दीड वर्षाचा असताना 'बाबा', 'पाणी', 'भुर्र' असे चार-पाच शब्द बोलायचा, ते दोन-तीन महिन्यांत गेले. हाक मारली तर बघेना. आम्हाला वाटलं ऐकू येत नाही. कान तपासले, कान चांगले. चार वर्षांचा झाला तेव्हा डॉक्टरांनी ऑटिझम आहे म्हणून सांगितलं. गेल्या वर्षी अपंगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी गेलो तेव्हा एका बाईंनी ४० प्रश्न विचारले, प्रत्येकाला एक ते पाच मार्क. ११२ पडले. मी बायकोला म्हणलं, दोनशेपैकी एकशेबारा, पास झाला की गं! मग बाईंनी समजावलं, इथं मार्क जितके जास्त तितका त्रास जास्त, १०७ पासून पुढं 'मध्यम' धरतात. घरी येईस्तोवर आम्ही दोघं बोललो नाही.

आता तो बोलतो, पण स्वतःचं असं कमी. ऐकलेलं बोलतो. टीव्हीवरची जाहिरात, शेजारच्या आजीचं 'काय बाई तरी', आणि सगळ्यात जास्त माझं. तीन-चारदा त्याला आणि त्याच्या आईला माझ्या गाडीवर घेऊन गेलोय. खिडकीशी बसवला की दोन तास हूं की चूं करत नाही. तेव्हापासून घरात दिवसभर 'सुट्टे काढा', 'पुढं सरका, पुढं'. सोप्यात खुंटीला त्याच्या आईनं एक दोरी बांधून दिलीय, ती ओढायची आणि तोंडानं टिंग-टिंग करायचं. त्याचा खेळ तेवढाच.

आता मुद्द्याचं. कटिंग.

पाच वर्षांपर्यंत त्याची आई घरीच, तो मोबाईल बघत असताना कात्रीनं इकडनं तिकडनं कापायची. मग तेही करू देईना. चार महिने केस वाढले, मान दिसेना, उन्हाळ्यात घामोळं आलं. शेवटी गेल्या रविवारी म्हणलं, नेतोच. दुकानदार माझा वर्गमित्र, चांगला माणूस. पण रविवार म्हणजे दुकान भरलेलं, टीव्हीवर मॅच, पंखा, दोन खुर्च्यांवर दोन मशिनी चालू. खुर्चीच्या हातांवर फळी टाकून त्यावर बसवला. कापड गुंडाळलं तोवर गप्प होता. डोळे मात्र मोठे झालेले. मित्रानं बाटलीनं पाण्याचा फवारा मारला आणि पोरगं जे ओरडलं! फळीवरून खाली झेपावलं. मी धरलं, मित्राच्या कारागिरानं पाय धरले, आणखी एका गिऱ्हाइकानं डोकं धरलं. आणि हे तोंडानं काय, तर 'लास्ट स्टॉप! लास्ट स्टॉप! उतरून घ्या! उतरून घ्या!' घसा फाटेपर्यंत. दुकानातली माणसं हसायला लागली. एकजण म्हणला, बापाचा धंदा शिकलाय, कंडक्टर होणार. मीही हसलो थोडा, काय करणार, लाजेनं.

उजवी बाजू झाली. डावी राहिली. घरी येताना उलटी झाली, मग दुपारभर झोपला. त्या दिवसापासून डोक्याला हात लावू देत नाही, आईला तेलसुद्धा लावू देत नाही. दुकान असलेल्या गल्लीत मोटरसायकल वळली की टाकीवर आडवा पडतो. एका बाजूनं केस कानावर, एका बाजूनं टक्कल म्हणावं इतपत. १५ जूनला शाळा सुरू. पोरं काय करतील सांगायला नको.

घरात तीन मतं. माझी आई म्हणते, जावळ काढताना मामा वेळेवर आला नाही, परक्याच्या मांडीवर काढलं, म्हणून हे सगळं. (मामा अजून तोंड लपवत फिरतो.) बायको म्हणते, झोपेत कापू. मी म्हणतोय, एकदा धरून उरकून टाकू, रोजचं मरण नको.

मला विचारायचंय ते एवढंच, त्याला खरंच काही दुखतं का? केसाला तर दुखत नाही. का हट्ट आहे? आणि झोपेत कापलं तर चालतं का?

एक राहिलं. पाच-सहा वर्षांपूर्वी गाडीत एका बाईंचं पोरगं असंच किंचाळत होतं. सगळी गाडी कुरकुरायला लागली तेव्हा मी त्या बाईंना म्हणलो होतो, बाई, पोराला वळण लावा जरा. त्या काही बोलल्या नाहीत, पुढच्या थांब्यावर उतरल्या. तो त्यांचा थांबा नव्हता. तिकीट मीच फाडलेलं, मला माहीत होतं.


रोखठोक | २९ मे, सकाळी ७:०५

जास्त लाड केलेत, दुसरं काही नाही. आमच्या वेळी बाप नुसता बघायचा आणि आम्ही खुर्चीत. हल्ली प्रत्येक हट्टाला इंग्रजी नाव. दोन ठेवून द्या, बसेल.


मधुरा_ओटी | २९ मे, सकाळी १०:३०

डबलबेल, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) आहे, म्हणजे रोजची कामं मुलांना जमावीत म्हणून मदत करते, चौदा वर्षं मुलांबरोबर काम करते. रोखठोक यांच्याशी वाद घालत नाही, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते.

हो, त्रास होतो. केस कापताना केसाला दुखत नाही, पण डोक्याच्या कातडीला, कानाला, मानेला जे जाणवतं ते आपल्याला जाणवतं त्याहून कितीतरी जास्त असू शकतं. काही मुलांना उलट फारच कमी जाणवतं, भाजलं तरी कळत नाही. आवाज, स्पर्श, उजेड यांचा असा कमी-जास्तपणा २०१३ पासून डॉक्टरांच्या निदानाच्या निकषांतच घेतलाय. त्यामुळे हे 'नखरे' या खात्यात टाकू नका.

तुमचं वर्णन वाचताना मी एकेक गोष्ट मोजत होते. फळीवर बसवलं म्हणजे पाय लोंबकळत राहिले. पायाखाली आधार नसला की या मुलांपैकी बऱ्याच जणांना आपण पडतोय असंच वाटत राहतं. त्यात डोकं पुढे-मागे वाकवायचं. मग फवारा, म्हणजे न सांगता शंभर ठिकाणी गार टोचणं. हलका, पुसट स्पर्श सगळ्यात वाईट. पावडरचा मऊ ब्रश आपल्याला गुदगुल्या करतो, त्यांच्या अंगावर काटा येतो. याउलट घट्ट, दाबून केलेला स्पर्श बऱ्याच मुलांना शांत करतो. मशीन कानामागच्या हाडाला टेकलं की ती घरघर हाडातून आत जाते, नुसती कानानं ऐकू येत नाही. आणि हे सगळं रविवारी, मॅच चालू असताना.

हट्ट आणि हा स्फोट यातला फरक साधा आहे. हट्ट करणारं मूल मधून मधून बघतं, तुम्ही बघताय का ते. हवं ते मिळालं की थांबतं. तुमच्या मुलाला तेव्हा अख्खं चॉकलेटचं दुकान दिलं असतंत तरी तो थांबला नसता. नंतर उलटी आणि झोप, हे शरीर दमल्याचं लक्षण आहे.

काय करता येईल: घरी, जमिनीवर, पाट किंवा सतरंजी, पाठ भिंतीला, पाय टेकलेले. केस कोरडेच कापा. प्लास्टिकचं कापड नको, जुना जाड टॉवेल. अंगात समोरून बटणं असलेला शर्ट घाला, टी-शर्ट डोक्यावरून काढताना सगळे केस तोंडावर पडतात. सुरू करण्याआधी दोन्ही तळव्यांनी डोकं दाबून धरा, चोळू नका, तो करू देईल तेवढंच. कात्रीचा आवाज आधी लांबून. मशीन वापरणार असाल तर आधी बरेच दिवस बंद मशीन नुसतं खेळायला द्या, मग शेजारच्या खोलीत चालू, मग तुमच्या हातावर, मग तुमच्याच डोक्यावर. एका दिवसात पाच कात्र्या झाल्या, म्हणजे कात्री पाचदा चालली, तरी पुरे.

शाळेची तारीख विसरा. तारखेसाठी घाई केलीत तर पुन्हा पहिल्यापासून.


नाशिकची_मावशी | २९ मे, दुपारी २:१५

झोपेत कापण्याबद्दल. माझ्या मुलाचं मी तीन वर्षं असंच केलं. रात्री एक वाजता, मोबाईलच्या बॅटरीच्या उजेडात, चोरासारखं. एक बाजू झाली की तो कूस बदलेपर्यंत तासभर बसून राहायचं. दिसायला उंदरानं कुरतडल्यासारखं, पण व्हायचं. मग एकदा मध्येच जागा झाला. तोंडासमोर कात्री. त्यानंतर आठ महिने उशी डोक्यावर घेऊन, दोन्ही हातांनी दाबून झोपायचा. दुसऱ्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही. तुम्ही करा किंवा करू नका, मी झालं ते सांगितलं.


वेणीवाली | २९ मे, रात्री ९:५०

मधुराताईंनी शरीराचं सांगितलं, ते बरोबर आहे. मी जरा वेगळ्या कारणासाठी लिहितेय.

मी ३८ वर्षांची, पुण्यात मुद्रितशोधन करते. मला स्वतःला ऑटिझम आहे, हे तेहतिसाव्या वर्षी कळलं. लहानपणी मला 'हेकट' म्हणायचे. केस कापायला आई मोरीतल्या स्टुलावर बसवायची, आणि कात्री कानाशी आली की मला कुणी पत्रा कापतंय असं वाटायचं. गेली वीस वर्षं मी केस वाढवलेत, लोक कौतुक करतात. कारण एवढंच आहे की वेणीचं टोक मी स्वतः कापू शकते.

डबलबेल, तुमच्या धाग्यात एका वाक्यावर मी थांबले आणि दोनदा वाचलं. तुमचा मुलगा 'लास्ट स्टॉप, उतरून घ्या' म्हणत होता.

तुम्ही गाडीत हे कधी म्हणता? गाडी शेवटच्या थांब्याला लागली, आता पुढे जायचं नाही, सगळ्यांनी खाली उतरायचं, तेव्हा. आणि तो कुठे होता? खुर्चीवरच्या फळीवर, पाय लोंबकळत, खाली उतरता येत नव्हतं. त्याला 'बाबा, मला खाली घ्या, बास झालं' हे वाक्य स्वतः बांधता येत नसेल. पण त्याच अर्थाचं तुमचं तयार वाक्य त्याच्याजवळ होतं, तुमच्याच आवाजातलं. ते त्यानं काढलं. तो बडबडत नव्हता. सांगत होता.

हे माझं मनचं नाही. ऑटिझमचं सुरुवातीचं गाजलेलं वर्णन ज्यांनी केलं ते लिओ कॅनर, अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे डॉक्टर, त्यांनी १९४३ साली अकरा मुलांबद्दल लिहिलं. त्यातला एक पाच वर्षांचा मुलगा मध्येच म्हणायचा, 'कुत्र्याला गॅलरीतून खाली टाकू नकोस.' कुत्रं नाही, गॅलरी नाही. चौकशी केल्यावर कळलं की तीन वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका हॉटेलात तो खेळण्यातलं कुत्रं वरून खाली फेकायचा आणि आई कंटाळून हे वाक्य म्हणाली होती. तेव्हापासून काहीही फेकावंसं वाटलं की तो स्वतःलाच हे बजावायचा. पुढे १९४६ मध्ये कॅनरनी अशा 'असंबद्ध' वाक्यांवरच एक लेख लिहिला. वाक्य पहिल्यांदा कुठे ऐकलं ते सापडलं की ते असंबद्ध राहत नाही. अडचण एवढीच, की ते सापडायला घरचंच माणूस लागतं. डॉक्टरला 'लास्ट स्टॉप' कळणार नाही. तुम्हाला कळेल.

म्हणून माझा सल्ला कात्रीबद्दल नाही. थांबवायची सोय त्याच्या हातात द्या, आणि त्यानं थांबवलं की खरोखर थांबा. हळूहळू सवय लावणं ठीक, पण मला जे सहन होतं ते सवयीनं होत नाही, नको झालं तर उठून जाता येईल हे माहीत असतं म्हणून होतं. 'दहा कात्र्या' म्हणालात तर दहा. अकरावी नाही. 'एवढंच, एवढंच' हे मोठ्या माणसांचं सगळ्यात खोटं वाक्य आहे.

तिघांनी धरलंत म्हणून दोष देत नाही. तुम्हाला माहीत नव्हतं. आता झोपेत मात्र कापू नका. झोप ही एकच जागा त्याला पहारा न देता मिळते.


डबलबेल | ३० मे, पहाटे ४:५०

ड्युटीला निघायच्या आधी वाचलं. बायकोला उठवून वाचून दाखवलं. ती म्हणाली, पावसाळ्यात चुलत्याच्या लग्नात मांडवात गर्दी झाली तेव्हाही हेच म्हणत होता, आठवतं का. आणि दवाखान्यात सुई द्यायच्या आधी. आणि शाळेत बाई म्हणाल्या होत्या, प्रार्थनेला उभा केला की 'लास्ट स्टॉप' म्हणतो, घरी एसटी-एसटी फार खेळता का.

आम्ही हो म्हणलो होतो.

सहाची गाडी आहे. नंतर लिहितो.


डोंबिवलीकर_बाबा | ३० मे, रात्री १०:२०

माझा मुलगा २२ वर्षांचा. तुमच्या कटिंगच्या पुढे दाढी आहे, तयारीत राहा! सोळाव्या वर्षी मिशी फुटली तेव्हा घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं. ब्लेड शक्यच नव्हतं. आज तो स्वतः ट्रिमर फिरवतो, रोज सकाळी ७:१०ला, आरशासमोर, मोठ्यानं मोजत. गाल ३०, हनुवटी २०, मिशी १५. एखादा केस राहिला तरी १५च्या पुढे जात नाही. आम्ही राहू देतो. ऑफिसात जायचंय थोडंच, असं मी म्हणायचो. गेल्या वर्षीपासून एका छपाईच्या कारखान्यात पाकिटं मोजायला जातो, अर्धा दिवस. मोजण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

तुम्हाला आता सगळीकडून सल्ले येतील. माझ्याकडून एकच, पैशाबद्दल. मुलगा नऊ वर्षांचा असताना एका ठिकाणी आम्ही स्टेम सेलची, म्हणजे मूळ पेशींची, इंजेक्शनं दिली. गावचा जमिनीचा तुकडा विकून. सहा महिन्यांत बोलेल म्हणाले होते. पुढे २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानंच सांगितलं की ऑटिझमवर स्टेम सेलचा उपचार करू नये, त्याला पुरावा नाही. तुकडा काही परत येत नाही. हा आजार नाही की औषधानं उतरेल, तो असाच आहे, आणि त्याला शिकवता येतं, हे मला कळायला फार वर्षं गेली. त्याऐवजी बोलण्याचं आणि ओटीचं ट्रेनिंग नियमानं सुरू ठेवा. आयआयटी मुंबईनं केलेलं 'जेलो' नावाचं चित्रांचं ॲप आहे, फुकट आहे, मराठीतही आहे. चित्र दाबलं की शब्द बोलतं. बोलणाऱ्या मुलांनाही उपयोगी पडतं, कारण घाबरलं की आहे ते बोलणंही जातं.

अवांतर: रोखठोक, माझ्या वडिलांनी दोन ठेवून दिल्या होत्या नातवाला, एकदाच. नातू चार दिवस त्यांच्या खोलीच्या दारातून आत गेला नाही. त्यांनीच मग दारात बसून जेवायला सुरुवात केली.


रोखठोक | ३१ मे, सकाळी ६:५५

मी डबलबेल यांचा मूळ धागा नीट न वाचता लिहिलं होतं. उलटीचं वगैरे. मागे घेतो.


डबलबेल | १९ जून, रात्री ११:१५

वेळ लागला, माफ करा. शाळा, बदली ड्युट्या. पण सांगायचं बरंच आहे.

वेणीवाली ताईंनी म्हणलं, थांबवायची सोय त्याच्या हातात द्या. मी तीन दिवस विचार करत होतो की कशी. 'थांबा' हा शब्द तो वापरत नाही. चित्र दाखवून बघितलं, हात आडवा केलेलं, त्यानं ते चित्र खिडकीतून बाहेर टाकलं. मग एका संध्याकाळी तासवड्याच्या पुढं गाडी चढाला लागली होती, म्हातारीला उतरायचं होतं, मी दोरी ओढली, टिंग, ड्रायव्हरनं गाडी घेतली बाजूला. आणि डोक्यात लख्ख पडलं. अहो, एक घंटी थांबा, दोन घंट्या चला! एसटीत हे सगळ्यात पहिलं शिकवतात. ड्रायव्हर कितीही घाईत असला तरी एक घंटी झाली की ब्रेक. आणि हे पोरग्याला माझ्याहून चांगलं माहिती. दोरी तर खुंटीला बांधलेलीच आहे.

आधी सायकलची घंटी लावली. आवाज 'ट्रिंग' येतो म्हणून त्यानं कानावर हात ठेवला आणि निघून गेला. चूक माझी, एसटीत ट्रिंग कुठं असतं. मग देवघरातली घंटा हळूच काढली तर आईनं बघितलं. म्हणलं आता ऐकून घ्यावं लागणार, देवाची घंटा आणि कटिंग! आईनं सगळं ऐकलं, गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी बाजारातनं दीडशे रुपयाची पितळी घंटा घेऊन आली, स्वतः वाजवून, पारखून. म्हणाली, देवाची देवाला राहू दे, ही त्याची. दोरीला बांधली. त्यानं ओढली. टिंग. एक मिनिट बघितलं तिच्याकडं. मग टिंग-टिंग, आणि पळायला लागला सोप्यातनं.

मित्राला बोलावलं सोमवारी, दुकान बंद असतं तेव्हा. मधुराताई म्हणाल्या होत्या तुमच्याच डोक्यावर आधी करा, म्हणून मी पाटावर बसलो आणि सोन्याच्या हातात दोरी. मित्राला सांगितलं, एक घंटी झाली की कात्री खाली, दोन झाल्याशिवाय हात लावायचा नाही. मित्र म्हणला, तुझ्या घरी येडेपणा आहे. पण बसला.

सुरू केलं. तिसऱ्या कात्रीला टिंग. मित्र थांबला. सोन्या त्याच्या हाताकडं बघतोय. दोन मिनिटं झाली, तीन झाली. टिंग-टिंग. मित्रानं सुरू केलं. लगेच टिंग. असं किती वेळा? मुलगी मोजत होती, सव्वीस. तो खेळत नव्हता, तपासत होता. आमच्या गाड्यांचे ब्रेक तपासतात तसं. सव्वीस वेळा ब्रेक लागला. सत्ताविसाव्याला टिंग केलं आणि पोरगं उठून मागच्या दारी कोंबड्या बघायला गेलं. आता? मित्र म्हणला, अरे उरकतो, तो कुठं बघतोय. मी नको म्हणलं. अर्धं डोकं भादरलेलं, तसाच बसलो. दुपारचं जेवण तसाच जेवलो. शेजारी चौकशीला आले. आई सगळ्यांना सांगत होती, गाडी थांबलीय, घंटी व्हायचीय.

साडेचारला टिंग-टिंग झालं.

माझं डोकं झालं आणि मी उठलो. पाट रिकामा. कुणी काही बोललो नाही, बायकोला डोळ्यानं खुणावलं, बोलवू नको. तो आला, पाटाला पायानं ढकललं, भिंतीला लावला, बसला. दोरी त्याच्याच हातात. जुना टॉवेल. मित्रानं कात्री आधी लांब हवेत चालवली. मग डावीकडं, कानाच्या वर. एक, दोन... पोरग्याचे खांदे कानापर्यंत चढलेले, डोळे घट्ट मिटलेले, दात आवळलेले, पण बसलेलं. पाचला टिंग. थांबलो. बराच वेळ. टिंग-टिंग. सहा, सात, आठ, नऊ, दहा, अकरा. मग घंटी नाही. हळू आवाजात, जवळजवळ कानात सांगतात तसं, 'लास्ट स्टॉप.'

मी म्हणलं, 'उतरून घ्या.' मित्रानं कात्री डब्यात टाकली आणि झाकण लावलं. ते झाकण सोन्यानं पुन्हा एकदा उघडून बघितलं, आणि लावलं.

अकरा कात्र्यांत काय होतंय. पहिल्या दिवशी शाळेला तसाच गेला, टोपी घालून. टोपी घालायला मात्र हरकत नसते, घट्ट असते म्हणून असेल, मधुराताई सांगतील. बाईंना घंटीचं आणि 'लास्ट स्टॉप'चं लिहून दिलंय एका कागदावर, आमच्या मुलीच्या अक्षरात. बाईंनी तो टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. प्रार्थनेला आता मागच्या ओळीत, दाराजवळ उभा करतात.

त्रासही झालाय, सांगतो. घंटीचं कळल्यापासून सगळ्याला घंटी. आई टीव्ही बघत असली की टिंग. मी जेवत असलो की टिंग, घास हातात. रात्री साडेअकराला टिंग-टिंग करून सगळं घर उठवतो. डोंबिवलीकर, यावर काही उपाय असेल तर सांगा. आणि वेणीवाली ताई, बायकोनं विचारायला सांगितलंय, त्याचं आणखी एक वाक्य आहे, 'मागची सीट रिकामी हाय', ते तो फक्त माझ्या आईजवळ जाऊन म्हणतो, संध्याकाळी. आम्ही अजून शोधतोय.

काल सहा कात्र्या झाल्या. डाव्या कानामागं बोटभर केस राहिलेत. सोमवारी मित्र येतोय, आणि माझी सुट्टीही सोमवारीच लागलीय.